१८६९ चा रटगर्स फुटबॉल हंगाम

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात न्यू ब्रन्झविक येथे असलेल्या रटगर्स महाविद्यालयाच्या संघाने नोव्हेंबर १८६९ मध्ये अवघे दोन सामने खेळले. हा दोन सामन्यांचा हंगाम अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला हंगाम मानला जातो. दोन्ही वेळा प्रतिस्पर्धी एकच होता; तो म्हणजे प्रिन्स्टन येथील कॉलेज ऑफ न्यू जर्सी, ज्याला १८९६ पासून प्रिन्स्टन विद्यापीठ हे नाव मिळाले.

पहिला सामना ६ नोव्हेंबर रोजी न्यू ब्रन्झविक येथे झाला. प्रत्येक संघात २५ खेळाडू होते आणि प्रेक्षक सुमारे शंभर असावेत. रटगर्सचे नेतृत्व विल्यम लेगेट यांच्याकडे, तर प्रिन्स्टनचे विल्यम गमेर यांच्याकडे होते. गमेर पुढे न्यू जर्सीचे सरन्यायाधीश झाले. रटगर्सच्या काही खेळाडूंनी ओळखीसाठी डोक्याला लाल फडकी गुंडाळली होती, असे वर्णन आढळते. प्रिन्स्टनचे खेळाडू अंगाने उंच असल्याने लेगेट यांनी चेंडू जमिनीलगत ठेवण्यास सांगितल्याचेही म्हटले जाते; मात्र अशा तपशिलांपैकी बराचसा भाग खेळाडूंनी पुष्कळ वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणींतून आलेला आहे, त्यामुळे तो सावधपणेच घ्यावा लागतो. रटगर्सने हा सामना सहा विरुद्ध चार गोलांनी जिंकला.

१३ नोव्हेंबरचा दुसरा सामना प्रिन्स्टन येथे यजमानांच्या नियमांनी झाला. त्यांनुसार हवेतला किंवा एक टप्पा पडलेला चेंडू झेलणाऱ्यास मोकळी किक मिळे. रटगर्सला या पद्धतीचा सराव नव्हता आणि प्रिन्स्टनने सामना आठ विरुद्ध शून्य असा जिंकला. ठरलेला तिसरा सामना झालाच नाही. अभ्यासाकडे दुर्लक्ष होते म्हणून प्राध्यापकांनी तो थांबवला, असे सामान्यतः सांगितले जाते.

हा खेळ नेमका कोणता होता, हा या हंगामाविषयीचा मुख्य वाद आहे. न्यू ब्रन्झविकचे नियम लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या १८६३ च्या नियमांवर बेतलेले होते. चेंडू हातात घेऊन धावण्यास किंवा फेकण्यास मनाई होती, पण तो हाताने ढकलता येत असे. गोल चेंडू, दोन खांबांमधून केलेले गोल आणि गोलांवरच ठरणारा निकाल पाहता मराठी वाचक ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याशीच या खेळाचे नाते अधिक जवळचे दिसते. आजच्या अमेरिकी फुटबॉलमधील लंबगोल चेंडू घेऊन धावणे आणि ठराविक डावांत, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या प्रयत्नांत, ठराविक अंतर कापणे यांचा येथे मागमूसही नाही. म्हणून काही अभ्यासक मे १८७४ मध्ये केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथे झालेल्या हार्वर्ड आणि कॅनडातील मॅकगिल विद्यापीठ यांच्या सामन्यांना खरा आरंभ मानतात, कारण त्यांपैकी दुसरा सामना मॅकगिलच्या रग्बी पद्धतीने खेळला गेला. १८७६ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील बैठकीत रग्बीवर आधारित नियम स्वीकारले गेले, आणि येलच्या वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने १८८० मध्ये प्रत्येकी ११ खेळाडू व चेंडूचा निर्विवाद (एका वेळी एकाच संघाकडे) ताबा, तर १८८२ मध्ये तीन डावांत पाच यार्ड पुढे सरकण्याचा नियम आला. खेळाच्या घडणीचा विचार केल्यास हे मत अधिक ग्राह्य वाटते. १८६९ चे महत्त्व त्याने कमी होत नाही. दोन महाविद्यालयांच्या संघांनी ठरवून, नियम आधी मान्य करून फुटबॉल खेळण्याची परंपरा तेथूनच मोजली जाते.

त्या काळी विजेतेपद अस्तित्वात नव्हते. फुटबॉलचे इतिहासकार पार्क डेव्हिस यांनी पुढे मागील हंगामांचा आढावा घेऊन प्रिन्स्टन व रटगर्स यांना १८६९ चे संयुक्त राष्ट्रीय विजेते ठरवले. प्रिन्स्टनविरुद्धचा पुढचा विजय मात्र रटगर्सला थेट १९३८ मध्ये, २०–१८ अशा फरकाने, मिळाला.