समन्समधला मंत्र

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. मराठी बातम्यांत कायदा ‘लागू’ झाला, इंग्रजी बातम्यांत तो ‘इन्व्होक’ झाला. मी त्या क्रियापदापाशीच अडकलो. पूजेत आपण कलशात देवतेचे आवाहन करतो, ते इंग्रजीत सांगायचे तर हेच क्रियापद लागते. देवाला हाक मारायचा शब्द कायद्याला कसा लागला? आज तर आयटीतली मुलेही दिवसभर फंक्शन ‘इन्व्होक’ करत असतात.

शब्द लॅटिनमधला आहे. ‘वोकारे’ म्हणजे हाक मारणे. हाक मारून मदतीला बोलावले की इन्व्होक, हाक मारून आतून बाहेर काढले की ‘इव्होक’. या दुसऱ्या शब्दामागे खराखुरा विधी होता. शत्रूच्या शहराला वेढा पडला की रोमन सेनापती त्या शहराच्या देवतेला विनवायचा, की तू बाहेर ये, आमच्याकडे तुझे मंदिर बांधू. इ. स. पू. ३९६ मध्ये व्हेई शहर घेताना सेनापती कामिलसने जूनो देवीला असेच बोलावले आणि पुढे रोमच्या अव्हेंटाइन टेकडीवर तिचे मंदिर उभे राहिले, असे लिव्ही हा रोमन इतिहासकार सांगतो. आता पावसाच्या पहिल्या सरीचा वास इंग्रजीत आठवणी ‘इव्होक’ करतो. देवी गेली, हाक राहिली.

‘कंज्युअर’ची गोष्ट थोडी वेगळी. त्यात बोलावणे मुळी नाहीच, शपथ आहे. लॅटिनमध्ये ‘युरारे’ म्हणजे शपथ घेणे, ‘कोन्युरारे’ म्हणजे मिळून शपथ घेणे. न्यायालयातली ‘ज्युरी’ याच घरातली. मध्ययुगात पिशाच्चाला पवित्र नावाची शपथ घालून हुकूम सोडत, त्यावरून हा शब्द भुते बोलावण्याला लागला. आपल्याकडे देवऋषी भुताला आण घालतो, तोच प्रकार. पुढे हातचलाखी करणारा ‘कंज्युअरर’ झाला, आणि आता फ्रिजमधल्या उरल्यासुरल्यातून कुणी झकास जेवण ‘कंज्युअर अप’ करते.

पण मला खरे वेड लावले ते ‘वोकारे’च्या मुळाने. आवाज या अर्थाचा ‘व्हॉइस’ त्यातूनच आला, आणि आपले वाचा, वचन, वक्ता, उक्ती हे शब्दही त्याच मुळाचे. आता वचन आणि वक्ता शेजारी ठेवून पाहा. मूळ एकच, मग एकात च आणि दुसऱ्यात क का?

यासाठी ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ हे शब्द मोठ्याने म्हणा. दोन्हीकडे लिहितो च, पण ‘त्याचा’मध्ये जीभ दातांमागे टेकते आणि ‘त्याची’मध्ये टाळूकडे चढते. ‘माझा’ आणि ‘माझी’मध्येही तेच. पुढे ई येणार हे जिभेला आधीच ठाऊक असते, म्हणून ती व्यंजनापासूनच टाळूकडे सरकू लागते. ई आणि ए हे स्वर जीभ टाळूजवळ नेऊनच उच्चारता येतात. भाषाशास्त्रात याला तालव्यीकरण म्हणतात.

हेच हजारो वर्षांपूर्वी क-सारख्या ध्वनींचे झाले. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक ज्या एकाच जुन्या भाषेतून निघाल्या, त्या मूळ भाषेत ओठ गोल करून उच्चारलेला एक ‘क्व’ होता. लॅटिनने तो राखला, म्हणून लॅटिनमध्ये पाच म्हणजे ‘क्विंक्वे’. संस्कृतकडे येणाऱ्या वाटेवर ओठांचा गोल गेला, क उरला, आणि जिथे पुढे इ किंवा ए होता तिथे त्या क चा च झाला. पण गंमत पुढे आहे. त्यानंतर त्या जुन्या ऱ्हस्व ए चा अ होऊन गेला. कारण पुसले गेले, परिणाम तेवढा उरला. संस्कृतमध्ये ‘पंच’, ‘चत्वारः’ आणि ‘आणि’ या अर्थाचा ‘च’ यांत च च्या पुढे आज अ किंवा आ दिसतो, मग च आला कुठून? उत्तर ग्रीकमध्ये आहे. तिथे हेच शब्द ‘पेन्टे’, ‘टेट्टारेस’ आणि ‘ते’ आहेत. व्यंजने निराळ्या वाटेने बदलली, पण संस्कृतने जिथे च केला नेमका तिथेच ग्रीकमध्ये ए शाबूत आहे. उलट जिथे मुळात ओ होता, तिथे संस्कृतमध्ये क तसाच राहिला, उदाहरणार्थ कोण या अर्थाचा ‘कः’. वक्ता शब्दात क ला लागून त आहे, स्वरच नाही, म्हणून क टिकला. वचन शब्दात एके काळी ए होता, म्हणून च झाला.

१८७० च्या दशकात हे युरोपातल्या अनेक भाषाशास्त्रज्ञांच्या स्वतंत्रपणे लक्षात आले. तोवर संस्कृतचे स्वर हेच सर्वांत जुने मानले जात. आता संस्कृतमधल्या च नेच साक्ष दिली, की इथे आधी ए होता आणि संस्कृतने तो गमावला. म्हणून ‘इंग्रजी शब्द संस्कृतमधून निघाले’ असे मेसेज फिरतात तेव्हा मला वाईट वाटते. संस्कृत ही लॅटिन-ग्रीकची बहीण आहे, आई नव्हे. आई त्यांच्याही आधीची. आणि मंत्राच्या नुसत्या ध्वनीत रोग बरे करायची शक्ती असते, असे सांगून पैसे उकळणाऱ्यांनाही हा च दाखवावा. ध्वनी आपल्या जिभेच्या सोयीने बदलत आले आहेत. अमुक कंपनच अनादि आणि अचूक, असे म्हणायला भाषेच्या इतिहासात जागा नाही.

राहिला ‘समन’. इंग्रजी कथांत जादूगार भुतांना ‘समन’ करतो, आणि आपल्याकडे कोर्टातून ‘समन्स’ निघते. लॅटिनमध्ये ‘सुम्मोनेरे’ म्हणजे हळूच आठवण देणे, सूचना करणे. त्यातले ‘मोनेरे’ म्हणजे आठवण करून देणे, ध्यानात आणून देणे. वर्गातला मॉनिटर त्यातलाच. हे क्रियापद ज्या मुळातून आले त्याचा अर्थ विचार करणे, आणि संस्कृतमध्ये ते मूळ ‘मन्’ असे आहे. त्यातून आपले मन आले, आणि मंत्रही. बेलीफ दारात उभा राहून जो कागद हातात ठेवतो आणि पोचपावतीवर सही घेतो, त्या समन्समधला ‘मन’ आणि मंत्रातला ‘मन्’ एकच आहे.