चार चिठ्ठ्या आणि एक खोटे ठरलेले विधान

एका डब्यात सारख्या आकाराच्या चार चिठ्ठ्या आहेत. पहिलीवर ‘केळी’, दुसरीवर ‘कापूस’, तिसरीवर ‘वांगी’ असे लिहिले आहे आणि चौथीवर आपल्या खानदेशातली ही तिन्ही पिके लिहिली आहेत. न बघता एक चिठ्ठी काढली, तर तिच्यावर ‘केळी’ असण्याची संभाव्यता 2/4, म्हणजे 1/2 आहे. कापूस आणि वांगी यांचीही तेवढीच. कोणतीही दोन पिके एकाच चिठ्ठीवर निघण्याची संभाव्यता 1/4 येते, आणि 1/2 गुणिले 1/2 हेही 1/4 च. दोन घटना एकत्र घडण्याची संभाव्यता त्यांच्या संभाव्यतांच्या गुणाकाराइतकी असेल, तर त्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्या जातात. त्यामुळे इथली प्रत्येक जोडी स्वतंत्र आहे.

‘प्रत्येक जोडी स्वतंत्र असेल, तर तिन्ही घटना मिळूनही स्वतंत्र असतात’ हे विधान मग सहज पटते. प्रत्यक्षात तिन्ही पिकांची चिठ्ठी निघण्याची संभाव्यता 1/4 आहे, तीन 1/2 च्या गुणाकारातून येणारी 1/8 नव्हे. केळी आणि कापूस हे दोन्ही शब्द दिसले, की चिठ्ठी चौथीच आणि तिच्यावर वांगी असणारच. रशियन गणिती सर्गेई बर्नस्टाइन यांनी हीच गोष्ट चारही पृष्ठे रंगवलेल्या चतुष्फलकावर, म्हणजे चार त्रिकोणी पृष्ठांच्या घनाकृतीवर, दाखवली. चारच चिठ्ठ्या मोजून एक सर्वसाधारण विधान कायमचे मोडीत काढता येते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मोजणीची ही परंपरा आपल्या मातीलाही परकी नाही. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश या प्रकरणात अंकांच्या मांडण्या मोजण्याच्या रीती आहेत, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे.

विधान खरे ठरवायचे असेल, तर मात्र उदाहरणे कितीही मोजली तरी भागत नाही. तिथे आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी 1933 मध्ये मांडलेली गृहीतके कामी येतात: संभाव्यता ऋण नसते, सर्व शक्यता मिळून ती 1 असते, आणि एकत्र घडू न शकणाऱ्या घटनांच्या संभाव्यतांची बेरीज करता येते. ‘दोनपैकी किमान एक घटना घडण्याची संभाव्यता त्यांच्या बेरजेपेक्षा जास्त नसते’ हे विधान घ्या. ‘किमान एक’ याचे दोन तुकडे पडतात: पहिली घडली, किंवा पहिली न घडता दुसरी घडली. हे तुकडे एकत्र घडू शकत नाहीत, म्हणून त्यांची बेरीज होते. आणि दुसरा तुकडा दुसऱ्या घटनेचाच भाग असल्याने त्याची संभाव्यता तिच्याहून जास्त असू शकत नाही. सिद्धता एवढीच.

समजा, रावेरकडच्या एखाद्या केळीबागेला हंगामात वादळी वाऱ्याचा फटका बसण्याची संभाव्यता 1/10 आणि गारपिटीची 1/20 आहे. वारा आणि गारा पुष्कळदा एकाच वादळात येत असल्याने दोन्ही संकटे एकत्र येण्याची संभाव्यता गुणाकार करून 1/200 धरणे योग्य नाही. पण त्यांचा परस्परसंबंध कसाही असला, तरी किमान एक संकट येण्याची संभाव्यता 3/20 च्या वर जात नाही.