टाकळा की कासविंदा?

मृगाचा पाऊस लागला की आठ-पंधरा दिवसांत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडच्या बांधांवर टाकळा, ही रानभाजी, वर येतो. त्याच्याच अंगाला कासविंदाही उगवतो, आणि कोवळेपणी नवखा माणूस हमखास फसतो. कन्नडमध्ये टाकळा म्हणजे तगचे आणि कासविंदा म्हणजे दोड्ड तगचे, मोठा टाकळा. नावातसुद्धा दोघं एकमेकांना चिकटलेलेच.

फुलावरून ओळखू म्हणाल तर जमायचं नाही. दोघांचंही फूल पिवळंच, आणि ते येईपर्यंत भाजी जून झालेली असते. संध्याकाळी पानं मिटली म्हणजे टाकळाच, असंही लोक सांगतात; पण कासविंद्याचीही मिटतात.

एक अख्खं पान देठासकट तोडून तळहातावर ठेवा. टाकळ्याच्या अशा एका पानात छोट्या पानांच्या तीनच जोड्या. शेंड्याची जोडी सगळ्यांत मोठी, टोकं गोलसर. सर्वांत खालच्या जोडीच्या मधोमध देठावर एक बारीक, काडीसारखी गाठ उभी असते, नखाला लागते. कासविंद्याची टोकं निमुळती, जोड्या बहुधा चार-पाच. गाठ देठाच्या बुडाशी, खोडाजवळ, गोल आणि काळपट. कोवळ्या कासविंद्याला कधी तीनच जोड्या असतात, म्हणून माझा भरवसा गाठीवर.

शेंगा धरल्यावर फरक उघड आहे: टाकळ्याची बारीक, लांब, वाकडी, कासविंद्याची चपटी. पण तेव्हा पोरांकडं लक्ष हवं. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलांचं यकृत, स्नायू आणि मेंदू बिघडले, काही मुलं दगावली. गुरं राखायला गेलेली पोरं शेंगा सोलून चघळतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. आयुर्वेदात कासविंदा खोकल्यावरचा कासमर्द आहे हे खरं, पण ते वैद्याचं काम. घरी मी तो आणत नाही.

टाकळा खुडायचा तो वीतभर असताना, नुसते शेंडे. उसाच्या बांधावरचा नको, तिथं तणनाशक मारलेलं असतं. आमची आत्या पानं तीन पाण्यांतून काढून बारीक चिरायची. लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा तेलात परतून त्यावर भिजवलेली हरभरा डाळ, मग टाकळा. कच्च्या पानांचा उग्र वास झाकण न ठेवता परतलं की उडतो. उतरवताना मूठभर ओलं खोबरं, आणि ताटात गरम भाकरी.