डोंगळ्यावरची माशी: परागीभवनाच्या शोधाची पार्श्वभूमी

जानेवारी-फेब्रुवारीत नाशिक जिल्ह्यात निफाड, येवला, चांदवडकडे कांद्याचे डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचे फुलांचे दांडे, फुलायला लागले की शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एकच चर्चा, मधमाशा दिसत नाहीत, गोंडे (दांड्यावरचे फुलांचे गुच्छ) बी न धरता फोल निघतील का, मधमाशांच्या पेट्या कुठे मिळतील. काही जण तर पराग इकडून तिकडे जावा म्हणून गोंड्यांवरून हात फिरवत फिरतात. फुलाला माशीची एवढी गरज का लागते हे माणसाला कळायलाच खूप उशीर झाला, आणि ती गोष्ट आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

१६९४ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या कॅमेरारियस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एरंडाची नर फुलं उमलायच्या आत खुडून टाकली आणि दाखवून दिलं की मग बी धरतच नाही. म्हणजे परागकण लागतात हे ठरलं, पण ते मादी फुलापर्यंत नेतं कोण? बऱ्याच फुलांत हे काम कीटक करतात असं १७६१ मध्ये कोलरॉयटर या दुसऱ्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी लिहिलं.

पण माझ्या मते खरा मोठा माणूस म्हणजे स्प्रेंगेल. बर्लिनजवळ श्पांडाऊला शाळेचे मुख्याध्यापक. १७८७ मध्ये त्यांना एका रानफुलाच्या पाकळ्यांच्या तळाशी बारीक केस दिसले आणि त्यांनी विचार केला की हे उगाच नसणार, आतल्या मधात पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून असणार. तिथून जे सुरू झालं ते साडेचारशेच्या वर जातींपर्यंत गेलं, तासनतास फुलापाशी बसायचं, कोण येतं, कुठे उतरतं, अंगाला पराग कुठे लागतो ते बघायचं. पाकळ्यांवरचे ठिपके आणि रेषा कीटकाला मधाची वाट दाखवतात हे त्यांनीच सांगितलं. १७९३ मध्ये पुस्तक काढलं, लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, पुढच्याच वर्षी पदही गेलं. पुढे १८४१ मध्ये डार्विननी ते पुस्तक वाचलं आणि त्याचं मोल ओळखलं.

स्प्रेंगेलनी टिपलेली एक गोष्ट तर डोंगळ्यात अगदी डोळ्यांनी बघता येते. एक गोंडा जवळ घेऊन बघा, शेकडो बारकी पांढरी फुलं असतात, प्रत्येकात सहा पुंकेसर, त्यातले आतले तीन आधी फुटतात मग बाहेरचे तीन, आणि हे सगळे पराग सांडून गेल्यावर मग कुठे त्याच फुलाचं स्त्रीकेसर तयार होतं. म्हणजे फूल स्वतःचं स्वतः फळू शकत नाही, शेजारच्या फुलाचा नाहीतर दुसऱ्या गोंड्याचा पराग कुणीतरी आणावाच लागतो. म्हणून ऐन फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक मारणं म्हणजे आपल्याच हाताने बी घालवणं आहे, मारायचंच असेल तर माशा परतल्यावर संध्याकाळी मारा. द्राक्षवाल्यांना याची झळ कमी, द्राक्षाचं बरंचसं स्वपरागीभवनावर भागतं.

रंगाचा उलगडा अजून उशिरा झाला. मधमाशीला रंगच दिसत नाहीत असं एक नावाजलेले नेत्रतज्ज्ञ ठामपणे सांगत होते, तेव्हा कार्ल फॉन फ्रिश या प्राणिशास्त्रज्ञांनी करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांच्या चौकोनांत एक निळा चौकोन ठेवला, साखरपाण्याने माशांना निळ्याची सवय लावली, आणि नंतर पाणी काढून घेतलं तरी माशा बरोबर निळ्यावरच यायच्या. १९१४ मध्ये त्यांनी हे छापलं. १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मधमाशीला लाल रंग जवळजवळ काळसर दिसतो, उलट आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात, त्यामुळे आपल्याला साधं पिवळं दिसणारं फूल तिला मध्यभागी गडद खूण असलेलं दिसू शकतं.

लाल दिसतो पक्ष्यांना. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर बघा, पानं झडलेली, फुलं लालभडक, वास जवळपास नाही, कारण गिऱ्हाईक वासावर येणारं नाहीच. काटेसावरीच्या मांसल पेल्यात पातळ मध भरपूर असतो, मैना, बुलबुल त्यात डोकं घालतात आणि कपाळ परागाने पिवळं करून पुढच्या झाडावर जातात. रात्रीच्या फुलांचं उलटं, रंग पांढरा, वास जबरदस्त, ग्राहक पतंग. डार्विननी १८६२ मध्ये मादागास्करच्या एका ऑर्किडची फूटभर लांब मधनळी बघून सांगितलं होतं की एवढी लांब सोंड असलेला पतंग असलाच पाहिजे, आणि तो १९०३ मध्ये नोंदवला गेला.

आपल्या नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरचं उदाहरण त्याच तोडीचं आहे. सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात याच डोंगरावरून २००६ मध्ये जगासमोर आली. कंदीलपुष्पांमध्ये चिलटासारखी बारीक माशी वासाला भुलून नळीत उतरते, खाली वळलेले केस तिला वर येऊ देत नाहीत, काही काळाने केस सुकतात आणि माशी परागाची पिशवी तोंडाला चिकटवून सुटते. तिथे पावसाळ्यात जाणाऱ्यांनी वाट सोडून गवत तुडवू नये, आणि नुसती रोपं कुंडीत वाढवून ही जात वाचली असंही समजू नये, त्या बारक्या माशा आणि त्या जिथे वाढतात ते गवत दोन्ही डोंगरावर राहायला हवेत.