पार्श्वभूमी : रोमन प्रजासत्ताकातली १९३ मते

राजाला हाकलून रोम प्रजासत्ताक झाले ते परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये. त्याआधीची लांडगीण, जुळे भाऊ आणि सात टेकड्या सर्वांना ठाऊक आहेत, त्यामुळे त्यात शिरत नाही. राजाच्या जागी दरवर्षी दोन कॉन्सल आले, हेही शाळेत शिकवतात. ते निवडले कसे जात, हे मात्र एका ओळीत उरकले जाते. पुढची साडेचारशे वर्षे चाललेली निम्मीअधिक भांडणे त्या एका ओळीत दडलेली आहेत.

कॉन्सल निवडणाऱ्या सभेत एकूण मते १९३, मग नागरिक कितीही असोत. मत असे ते ‘सेंटुरिया’ या गटाला. गटात ज्याला जास्त पसंती, त्याला त्या गटाचे एक मत. घोडदळाचे गट १८, मालमत्तेनुसार पहिल्या वर्गाचे ८०, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाचे प्रत्येकी २०, पाचव्याचे ३०, सुतार-लोहारांचे दोन, शिंगे-तुताऱ्या वाजवणाऱ्यांचे दोन आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, नुसती डोकी मोजायची, अशा सगळ्यांचा मिळून एक. घोडदळ आणि पहिला वर्ग एक झाले की ९८ होतात. बहुमताला ९७ पुरत आणि तो आकडा गाठला की मतदान तिथेच थांबे. शेवटच्या गटाला हाक मारायची वेळ क्वचितच येई.

ही रचना इ.स.पू. सहाव्या शतकातल्या एका राजाच्या नावावर खपवली जाते. पहिल्या वर्गासाठी एक लाख ‘अ‍ॅस’ आणि पाचव्यासाठी अकरा हजार, असे आकडेही दिले जातात. अ‍ॅस म्हणजे मुळात एक रोमन पौंड, सुमारे ३२४ ग्रॅम, कांस्य. एक लाख अ‍ॅस म्हणजे ३२ टनांहून जास्त. एवढे कांस्य त्या काळच्या शेतकऱ्याच्या कोठारात होते, असे मानायला कुणीच तयार होणार नाही. हे आकडे जुळतात ते इ.स.पू. २११ च्या सुमाराला, जेव्हा अ‍ॅस घटून पौंडाचा सहावा हिस्सा उरला होता. थोडक्यात, नंतरच्या काळाचा हिशेब जुन्या राजाच्या वहीत चढवला गेला.

‘सेंटुरिया’ या शब्दाचाही असाच गुंता आहे. शब्दात शंभर आहे, गटात शंभर माणसे नव्हती. (मराठीत ‘शतक’ म्हटले तर डोळ्यांसमोर क्रिकेट उभे राहते, म्हणून इथे मूळ शब्दच ठेवला आहे.) उलगडा सैन्यात सापडतो. प्रत्येक वर्गातले निम्मे गट १७ ते ४५ वर्षांच्या तरुणांचे आणि निम्मे त्यापुढच्या ज्येष्ठांचे. पहिल्या तीन वर्गांतले फक्त तरुणांचे गट मोजा : ४०, १० आणि १०, म्हणजे ६०. लीजनमध्येही, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीतही, सेंटुरिया साठच. एकेकाळी सगळे सैन्य मिळून एकच लीजन होते, साठ गुणिले शंभर असे सहा हजारांचे. दोन कॉन्सल आले तेव्हा लीजनचेही दोन भाग झाले. प्रत्येक भागाने साठचा सांगाडा तसाच ठेवला आणि माणसे तेवढी घटली. नंतरच्या ४,२०० च्या लीजनमध्ये पहिल्या दोन फळ्यांची सेंटुरिया ६० जणांची, तर मागच्या अनुभवी फळीची ३० जणांचीच. हा खुलासा सर्वांना मान्य नाही, पण आकडे याहून चांगले दुसऱ्या कशाने जुळत नाहीत.

सभा म्हणजे मुळात सैन्यच, म्हणून ती शहराच्या पवित्र हद्दीत भरत नसे. ती भरे हद्दीबाहेर, मार्सच्या मैदानावर. पलीकडच्या जानिकुलम टेकडीवर लाल निशाण फडकत असे. ते खाली उतरले की सभा बरखास्त, इ.स.पू. ६३ मध्ये एका आरोपीला वाचवण्यासाठी हीच युक्ती वापरली गेली. वीज चमकली तरी सभा मोडे. कुणाला फेफरे आले तरी मोडे, इतके की लॅटिनमध्ये त्या आजाराला ‘सभेचा आजार’ असेच नाव पडले.

तिसऱ्या शतकात या रचनेची डागडुजी झाली. इ.स.पू. २४१ मध्ये नागरिकांचे प्रादेशिक विभाग ३५ झाले आणि त्यानंतर लवकरच पहिल्या वर्गाचे ८० गट ७० वर आणले गेले : प्रत्येक विभागाचा एक तरुणांचा, एक ज्येष्ठांचा. आता घोडदळ, पहिला वर्ग आणि सुतारांचा एक गट मिळून ८९ होत; बहुमताला खालून आठ गट लागत. याला लोकशाहीकडचे पाऊल म्हणणारे आहेत. १०४ गटांतून आठ मिळवायला श्रीमंतांना किती घाम गाळावा लागत असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

याच फेररचनेत सुरुवातीच्या मताचा मान घोडदळाकडून गेला. पहिल्या वर्गातल्या तरुणांच्या गटांतून चिठ्ठी काढून एक गट आधी मत देई. त्याचा निकाल लगेच पुकारला जाई, तो शकुन मानला जाई आणि बाकीचे बहुधा त्याच वाटेने जात. इ.स.पू. २१५ मध्ये चिठ्ठी निघाली अनिएन्सिस विभागाच्या तरुणांची. रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत होता, त्याने कॅनी इथे केलेल्या रोमन सैन्याच्या कत्तलीला जेमतेम वर्ष उलटले होते. गटाने दोन नावे दिली. अध्यक्षस्थानी असलेल्या कॉन्सलने तिथेच मतदान थांबवले. समोर कोण सेनापती आहे याचे भान ठेवा असे सुनावून त्याने दोन्ही उमेदवारांचे वाभाडे काढले. त्यातला एक तर त्याच्या भाचीचा नवरा होता. मग त्याच गटाला त्याने पुन्हा मत द्यायला धाडले. त्या उमेदवाराने आरडाओरडा केला तेव्हा कॉन्सलने आपले सेवक पाठवले. तो शहरात न शिरता थेट मैदानावर आला होता, त्यामुळे शहरात शिरताना उतरवायच्या कुऱ्हाडी सेवकांच्या हातातल्या काठ्यांच्या मोळ्यांना अजून बांधलेल्याच होत्या. दुसऱ्यांदा मत पडले ते खुद्द अध्यक्षाला आणि एका नावाजलेल्या सेनानीला. उरलेल्या गटांनी तीच नावे उचलली.

रोमन परंपरेने याला देशहित म्हटले, आणि युद्धाचा पुढचा इतिहास पाहता निवड वाईट झाली असे म्हणता येत नाही. मात्र नियमाच्या दृष्टीने पाहिले तर निवडणूक घेणाऱ्याने स्वतःलाच निवडून आणले. मत फिरवायला लावणे अध्यक्षाच्या अधिकारात बसते की नाही, हा प्रश्न तेव्हा कुऱ्हाडींपुढे मिटला.

तोवर मत तोंडी होते. गणक फळीवर नावापुढे टोचे मारत जाई. कुणाचा टोचा कुणाच्या नावापुढे पडला हे मतदाराचा आश्रयदाता उभा राहून पाहत असे. इ.स.पू. १३९ मध्ये निवडणुकांसाठी मेण लावलेली लाकडी पाटी आली, १३७ मध्ये बहुतेक खटल्यांसाठी आणि १३१ मध्ये कायद्यांसाठी. मतदार अरुंद फळकुटी पुलावरून जाऊन पाटी टोपलीत टाकी. त्या पुलावर गर्दी करून पाटी डोकावून पाहण्याची खोड गेली नाही, म्हणून ११९ मध्ये पूल आणखी अरुंद करण्याचा कायदा करावा लागला. इ.स.पू. पहिल्या शतकात एका निवडणुकीत बऱ्याच पाट्या एकाच हस्ताक्षरात सापडल्या आणि निवडणूक रद्द झाली.

या मोजणीचा ताण वाढला तो रोमच्या विस्ताराने. इ.स.पू. ३३८ मध्ये लॅटिन शहरांचा संघ मोडल्यावर काहींना पूर्ण नागरिकत्व मिळाले, काहींना मताविना. करभार आणि सैनिकी मात्र दोघांकडूनही घेतली गेली. इटलीतल्या दोस्तांना तेवढेही मिळाले नाही आणि ९१ मध्ये त्यांनी शस्त्र उचलले. त्यातून मत मिळाले, पण या नव्या नागरिकांना मोजक्याच विभागांत कोंबून त्यांचे वजन कमी ठेवण्याचा घाट घातला गेला. ८८ मध्ये त्यांना सर्व ३५ विभागांत वाटायचा प्रस्ताव आला, त्याच गदारोळात एका कॉन्सलचे सेनापतिपद काढून घेतले गेले आणि तो सैन्य घेऊन रोमवर चालून आला. इ.स.पू. ११५ च्या शिरगणतीत ३,९४,३३६ नागरिक होते, ७० सालच्या गणतीत नऊ लाखांच्या वर. मते तरीही १९३.

मार्सच्या मैदानावर तोवर लाकडी कुंपणे आणि दोऱ्यांचे वाडे असत. लोक त्याला मेंढवाडा म्हणत. त्या जागी संगमरवरी इमारत बांधायचे ठरले प्रजासत्ताकाच्या अखेरीस. ती पुरी झाली इ.स.पू. २६ मध्ये, पहिल्या सम्राटाच्या राज्यात. मेंढवाड्यात त्याच्याच काळात ग्लॅडिएटरांच्या झुंजीही होऊ लागल्या आणि इ.स. १४ मध्ये निवडणुका सिनेटकडे गेल्या.