निर्बंधित आरोग्यस्थिती (कॅलिफोर्नियातील वृद्धनिवास)

निर्बंधित आरोग्यस्थिती : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या वृद्धनिवास नियमावलीतली संज्ञा. जे दुखणे असताना वृद्धाला परवानाधारक निवासात ठेवता येते, पण ठरावीक अटी पाळल्या तरच, त्या दुखण्याला ही संज्ञा लावतात. राज्याच्या नियमसंहितेतील २२व्या विभागाच्या कलम ८७६१२ मध्ये अशा दुखण्यांची यादी आहे आणि पुढच्या कलमांत एकेकाच्या अटी. मूळ कायदा १९८५ चा. अंमलबजावणी समाजसेवा खात्याकडे आहे, आरोग्य खात्याकडे नाही. हे ध्यानात ठेवले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते: कायद्याच्या लेखी हा निवास म्हणजे घर आहे, इस्पितळ नव्हे.

मराठी वाचकाचा इथे एका शब्दाने घोटाळा होतो. महाराष्ट्रात ‘नर्सिंग होम’ म्हणजे डॉक्टरांचे छोटे खासगी इस्पितळ, पुष्कळदा बाळंतपणाचे. अमेरिकेत तो शब्द दीर्घकाळ शुश्रूषा लागणाऱ्यांच्या संस्थेला लावतात आणि तिच्यावर १९८७ च्या केंद्रीय सुधारणा कायद्याची पकड आहे. ‘असिस्टेड लिव्हिंग’, म्हणजे इथे ज्या वृद्धनिवासांबद्दल बोलत आहोत तो प्रकार, निराळा. त्याचा परवाना राज्य देते, त्यामुळे राज्य बदलले की नियमही बदलतात. कॅलिफोर्नियात शंभर-दीडशे खोल्यांचा आलिशान निवास आणि साध्या वस्तीतल्या बंगल्यात सहा जणांना सांभाळणारे ‘बोर्ड अँड केअर’, दोघांनाही हीच नियमावली लागते.

यादीत अकरा बाबी आहेत: ऑक्सिजन, कॅथेटर (लघवीची नळी), कोलोस्टॉमी किंवा इलिओस्टॉमी (शौचासाठी पोटाला पाडलेले छिद्र), आखडलेले सांधे, मधुमेह, एनिमा व तत्सम उपाय, मलमूत्रावर ताबा नसणे, इंजेक्शने, दाबाने श्वास देणारे यंत्र, पहिल्या-दुसऱ्या टप्प्याचे बेडसोअर (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा; टप्पा जितका वरचा तितकी जखम खोल) आणि जखमांची निगा. वाचताना वाटते की ही आजारांची यादी आहे. प्रत्यक्षात नियम आजाराबद्दल फार थोडे बोलतात. कोणते काम कोणाच्या हाताने व्हायचे, हे ते ठरवतात. हात तीन: स्वतः वृद्धाचा, निवासातल्या सेवकाचा आणि परिचारिकेसारख्या योग्य कौशल्याच्या वैद्यकीय व्यक्तीचा.

मधुमेहात हे सर्वांत स्पष्ट दिसते. रक्तातली साखर तपासणे आणि इन्सुलिन टोचणे ज्याला स्वतःला जमते, त्याला प्रवेश मिळतो. जमत नसेल तर ते काम वैद्यकीय व्यक्तीने करायचे. सेवक वेळेची आठवण करू शकतो, औषध हातात देऊ शकतो, पण सुई टोचू शकत नाही. आपल्याकडे सुनेने किंवा कामाला ठेवलेल्या मावशींनी सासूबाईंना इन्सुलिन दिले तर कुणी भुवई उंचावत नाही. तिथे पगारी सेवकाने हेच केले तर निवासावर दोषनोंद होते. आईवडिलांना तिकडे ठेवू पाहणाऱ्या मराठी मुलांना हा नियम आडमुठा वाटला तर नवल नाही. पण दिवसातून दोन-तीनदा परिचारिका आणायची तर खर्च कुठे जातो, हा हिशेब प्रवेशाआधीच केलेला बरा, कारण मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा केंद्र सरकारचा आरोग्य विमा, या निवासांतल्या राहण्याखाण्याचे पैसे देत नाही.

कॅथेटरच्या बाबतीत विभागणी आणखी बारीक आहे. नळी बसवणे, काढणे आणि धुणे ही कामे फक्त वैद्यकीय व्यक्तीची. लघवीची पिशवी रिकामी करणे सेवकाला चालते, मात्र त्याला ते वैद्यकीय व्यक्तीने शिकवलेले असावे आणि शिकवलेल्यांची नावे लेखी नोंदलेली असावीत. ऑक्सिजन घेणाऱ्याला उपकरण चालवता यायला हवे आणि आपल्याला त्याची गरज केव्हा आहे हे कळायला हवे; नाहीतर ते काम वैद्यकीय व्यक्तीने करायचे. शिवाय स्थानिक अग्निशमन दलाला लेखी कळवायचे, धूम्रपानबंदीच्या पाट्या लावायच्या, मोठे सिलिंडर भिंतीला किंवा स्टँडला बांधून ठेवायचे. नाकातल्या नळीच्या लांबीचाही विचार नियमात आहे: खोलीत फिरता यावे इतकी लांब, पण पायात अडकू नये अशी.

मलमूत्राच्या कलमातली दोन वाक्ये लक्ष वेधतात. अंथरूण ओले होऊ नये म्हणून वृद्धाचे पाणी पिणे कमी करू नये. निवासाच्या सोयीसाठी कॅथेटर घालू नये. असे प्रकार घडत असल्याशिवाय ते कुणी कायद्यात लिहीत नाही.

निर्बंधिताच्या पलीकडे ‘प्रतिबंधित’ स्थिती येतात (कलम ८७६१५): तिसऱ्या-चौथ्या टप्प्याचे बेडसोअर, पोटातून किंवा नाकातून घातलेली अन्न देण्याची नळी, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेले छिद्र), स्टॅफ जिवाणूसारखा गंभीर संसर्ग आणि रोजच्या सगळ्याच कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणे. यांपैकी काही असलेल्याला ठेवायचे तर त्या एका व्यक्तीसाठी खात्याकडे लेखी अपवाद मागावा लागतो. बेडसोअर दुसऱ्या टप्प्यावरून तिसऱ्यावर गेला की तोच माणूस, तीच खोली असूनही कायदा बदलतो, आणि हे प्रत्यक्षात काही दिवसांत घडू शकते. अखेरच्या आजाराच्या रुग्णांसाठी वेगळी वाट आहे. निवासाने खात्याकडून हॉस्पिसची (मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेची) सवलत, म्हणजे विशेष परवानगी, घेतलेली असेल, तर हॉस्पिस संस्थेच्या लेखी योजनेनुसार अशा माणसाला शेवटपर्यंत तिथेच ठेवता येते. किती जणांना, तो आकडा सवलतीतच ठरलेला असतो.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी अग्निशमन दलाची स्वतंत्र मंजुरी लागते.

कागदपत्रांत डॉक्टरांचा अहवाल (एलआयसी ६०२ए हा नमुना) आणि प्रवेशपूर्व मूल्यमापन मुख्य. प्रकृतीत फरक पडला की मूल्यमापन पुन्हा करायचे. बाहेरच्या गृहशुश्रूषा संस्थेची परिचारिका येत असेल तर तिची कामे कोणती आणि निवासाची कोणती, हे दोघांनी लेखी ठरवून ठेवायचे. मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास सात दिवसांत लेखी कळवायचे.

तपासणी पूर्वसूचनेविना होते. दोष दोन प्रकारचे: तत्काळ धोक्याचे ‘ए’ आणि संभाव्य धोक्याचे ‘बी’. २०१३ मध्ये कॅस्ट्रो व्हॅली येथे राज्याने एक निवास बंद केला, तेव्हा कर्मचारी निघून गेले आणि डझनाहून अधिक वृद्ध मागे राहिले. स्वयंपाकी आणि सफाई कामगार अशा दोघांनी त्यांना सांभाळले. त्यानंतर २०१४ मध्ये सुधारणा कायद्यांची मालिकाच आली. तोवर दंडाची कमाल मर्यादा १५० डॉलर होती. नियमभंगामुळे मृत्यू झाल्यास ती १५,००० डॉलर करण्यात आली. प्रशासकाचे प्राथमिक प्रशिक्षण ४० तासांवरून ८० तासांवर गेले आणि दायित्व विमा (निवासाच्या चुकीने झालेल्या नुकसानीची भरपाई देणारा) सक्तीचा झाला.

प्रतिबंधित स्थिती उद्भवलेल्या वृद्धाला दुसरीकडे हलवण्याचा आदेश खाते देऊ शकते. त्या आदेशाचा फेरविचार मागण्याचा हक्क रहिवाशाला आहे.