‘वाचतील’ आणि ‘दगावतील’ यांतला फरक: इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी शब्दांच्या वजनाविषयी

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाईलवर दिवसातून अनेकदा एक आकडा येतो, तो म्हणजे राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पाणी 42 वरून 43 फुटांवर आले तर नदीच्या हिशेबाने ते एका फुटानेच वाढलेले असते. पण बातमीत ‘धोका पातळी ओलांडली’ असे शब्द आले की सखल भागातील माणसे सामान माळ्यावर चढवतात, जनावरे हलवतात आणि नातेवाइकांना फोन लावतात. ते योग्यच आहे, कारण त्या शब्दांमागे गावाचा अनुभव आहे. आकडा माहिती देतो. त्या माहितीचे काय करायचे, हे मात्र बहुतेक वेळा शब्द ठरवतो.

हाच परिणाम उलट दिशेनेही होऊ शकतो. पुराविषयीच्या इंग्रजी लिखाणात ‘हंड्रेड इयर फ्लड’ ही संज्ञा वारंवार येते. ती वाचणाऱ्याची सहज अशी समजूत होते की असा पूर एकदा येऊन गेला म्हणजे पुढची शंभर वर्षे निर्धास्त राहावे. प्रत्यक्षात तिचा अर्थ एवढाच आहे की तेवढा मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता 1 टक्का असते, आणि तो यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जाचा काळ धरला तर त्या अवधीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ आणि ‘कर्ज फिटेपर्यंत जवळपास चारास एक’ ही एकाच गोष्टीची दोन वर्णने आहेत, पण पहिले ऐकून माणूस नदीकाठी घर बांधायला घेईल आणि दुसरे ऐकून तो आधी विमा काढेल. 2019 आणि 2021 असे दोन महापूर जवळजवळ लागोपाठ सोसलेल्या शहरात हा फरक समजावून सांगावा लागू नये.

शब्दांचा हा प्रभाव मोजता येतो, हे मानसशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत दाखवून दिले आहे. 1974 साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 45 विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती होता, असे विचारले. प्रश्न सर्वांना सारखाच होता, क्रियापद तेवढे गटागटानुसार बदलले होते. गाड्या एकमेकींवर ‘स्मॅश’ झाल्या तेव्हा वेग किती होता, असे ज्यांना विचारले त्यांनी सरासरी ताशी 40.5 मैल सांगितले. ‘हिट’ हा शब्द ऐकणाऱ्यांनी 34 मैल, तर ‘कॉन्टॅक्ट’ हा सौम्य शब्द ऐकणाऱ्यांनी 31.8 मैल. दुसऱ्या प्रयोगाचा निष्कर्ष मला अधिक गंभीर वाटतो. त्यात 150 विद्यार्थी होते, आणि आठवड्यानंतर त्यांना विचारण्यात आले की चित्रफितीत फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का. काचा मुळात नव्हत्याच. तरीही ‘स्मॅश’ ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जणांनी ‘हो’ म्हटले, ‘हिट’ ऐकलेल्या 50 जणांपैकी 7 जणांनी, आणि वेगाचा प्रश्नच न विचारलेल्या 50 जणांपैकी 6 जणांनी. प्रश्नातल्या एका शब्दाने काही जणांच्या स्मरणात काचा आणून ठेवल्या होत्या. पोलिसांच्या जबाबात आणि न्यायालयातल्या उलटतपासणीत प्रश्नाची शब्दयोजना का जपावी लागते, ते यावरून स्पष्ट होते.

यानंतर 1981 साली एमॉस टव्हर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी एक काल्पनिक पेच लोकांपुढे मांडला. एक साथ येऊ घातली आहे आणि तिच्यात 600 माणसे दगावण्याची भीती आहे. पहिल्या उपायाने 200 जण खात्रीने वाचतील. दुसऱ्या उपायाने सर्वच्या सर्व 600 वाचण्याची शक्यता एक तृतीयांश आणि कोणीही न वाचण्याची दोन तृतीयांश. यांतून निवड करायची होती, आणि 72 टक्के लोकांनी खात्रीचा उपाय निवडला. दुसऱ्या गटाला तेच उपाय मरणाच्या भाषेत सांगितले, म्हणजे पहिल्या उपायाने 400 जण दगावतील, आणि दुसऱ्या उपायाने कोणीही न दगावण्याची शक्यता एक तृतीयांश. आता खात्रीचा उपाय निवडणारे 22 टक्केच उरले. 600 पैकी 200 वाचणे आणि 400 दगावणे हे गणिताने एकच आहे. परंतु लाभाची भाषा कानावर पडली की माणूस हाती असलेले जपतो आणि हानीची भाषा पडली की ती टाळण्यासाठी जोखीम पत्करतो.

हे केवळ कागदी कोड्यापुरते असते तर चिंता नव्हती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात बार्बरा मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया निवडाल की किरणोपचार, हा प्रश्न रुग्णांना, व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांना विचारल्याचे प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेच्या काळात शंभरातले दहा दगावतात आणि किरणोपचारात त्या काळात कोणी दगावत नाही, पण पाच वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेले अधिक जण हयात असतात, अशी ती आकडेवारी होती. आकडे ‘किती जगतात’ या रूपात दिले तेव्हा 18 टक्के लोकांनी किरणोपचार निवडला, आणि ‘किती दगावतात’ या रूपात दिले तेव्हा 44 टक्क्यांनी. या बदलातून डॉक्टरही सुटले नाहीत. संख्या ज्यांना रोज हाताळाव्या लागतात त्यांचाही कल शब्दांनी बदलतो, तर आपण सावध आहोत म्हणून आपल्यावर परिणाम होणार नाही, हा भरवसा कोणीही बाळगू नये.

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी यातील सर्वांत उपयोगाचा भाग मला व्याकरणात दिसतो. आपल्या शाळांत ‘चेंज द व्हॉइस’ हा प्रश्न ठरलेला असतो, आणि वाक्याचा प्रयोग बदलला तरी अर्थ बदलत नाही, असे मुलांना शिकवले जाते. व्याकरणापुरते ते खरे आहे. पण कर्ता वाक्यात राहतो की गळतो, यावर दोष कोणाच्या माथी बसेल हे अवलंबून असते. ‘मुलाने काच फोडली’ आणि ‘काच फुटली’ यांतला फरक मराठी घरात तीन वर्षांच्या मुलालाही कळतो, आणि तो कोणते वाक्य वापरतो यावरून आईलाही बरेच काही कळते. 2010 साली केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी हाच फरक इंग्रजीत तपासला. एका उपाहारगृहात जेवायला आलेल्या बाईंच्या हातून मेणबत्ती पडून आग लागली आणि 1,500 डॉलरचे नुकसान झाले, अशी हकिगत त्यांनी लोकांना वाचायला दिली. एका मजकुरात बाईंनी मेणबत्ती पाडली, दुसऱ्यात मेणबत्ती पडली. बाकी घटनाक्रम तोच. पहिला मजकूर वाचणाऱ्यांनी बाईंकडून सरासरी 935 डॉलर भरून घ्यावेत असे म्हटले, तर दुसरा वाचणाऱ्यांनी 688 डॉलर. म्हणूनच एखादी संस्था इंग्रजी पत्रकात ‘मिस्टेक्स वेअर मेड’ असे लिहिते, तेव्हा चुका झाल्याची कबुली असते आणि त्या कोणी केल्या हे वाक्यातच नसते. विद्यार्थ्याने कर्मणि वाक्य दिसले की ‘कोणी?’ असे विचारण्याची सवय लावली, तर परीक्षेतील त्या एका गुणापेक्षा कितीतरी मोठा लाभ होईल.

विनंतीच्या भाषेचाही असाच अभ्यास झाला आहे. 1978 साली एलेन लँगर यांनी झेरॉक्स यंत्रासमोर उभ्या असलेल्या लोकांना, मला आधी पाच पाने काढू द्याल का, असे विचारायला माणसे पाठवली. नुसती विनंती केली तेव्हा 60 टक्के लोक मान्य झाले, आणि ‘कारण मला घाई आहे’ असे जोडले तेव्हा 94 टक्के. ‘कारण मला प्रती काढायच्या आहेत’ हे मुळात कारणच नव्हे, तरी त्यालाही 93 टक्के होकार मिळाले. मात्र पाने पाचाऐवजी वीस केली तेव्हा त्या पोकळ कारणाचा काही उपयोग झाला नाही. ऐकणाऱ्याला फारशी झळ नसते तेव्हाच शब्दांचा साचा काम करतो. झळ वाढली की माणूस आशयाकडे पाहू लागतो.

ही मर्यादा ध्यानात ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण शब्दांच्या सामर्थ्याविषयी भाबडे दावेही पुष्कळ होतात. 2011 साली अमेरिकेत असे प्रसिद्ध झाले की ‘मतदान करणे’ याऐवजी ‘मतदार असणे’ असा नामाचा प्रयोग प्रश्नावलीत केला की मतदान वाढते. पुढे 2016 साली बऱ्याच मोठ्या प्रमाणावर तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. एका शब्दाने माणसे हवी तशी वळवता येतात, असे सांगणाऱ्या भाषणकलेच्या शिबिरांकडे म्हणूनच थोडे सावधपणे पाहावे.

आता प्रश्न असा की हे सारे परभाषेत कसे घडते. शिकागो विद्यापीठातील बोआझ कीसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली साथीच्या पेचासारखेच प्रश्न काही लोकांना मातृभाषेत आणि काहींना शिकलेल्या भाषेत विचारल्याचे प्रसिद्ध केले. सहभागी लोकांत जपानी शिकलेले अमेरिकन होते, इंग्रजी शिकलेले कोरियन होते. मातृभाषेत ‘वाचतील’ आणि ‘दगावतील’ यांमुळे निवड बदलत होती. परभाषेत हा फरक नाहीसा झाला. एका प्रयोगात तर खरे पैसे हातात देऊन छोट्या पैजा घ्यायला सांगितले. जिंकल्यास मिळणारी रक्कम हरल्यास जाणाऱ्या रकमेपेक्षा जास्त होती, म्हणजे पैज घेणेच शहाणपणाचे होते. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनी इंग्रजीत 54 टक्के वेळा पैज घेतली आणि स्पॅनिशमध्ये 71 टक्के वेळा. शिकलेल्या भाषेत हानीची भीती कमी बोचते, असा याचा अर्थ लावला जातो.

असे का व्हावे, याचा एक धागा 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळतो. त्यात तुर्की आणि इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणाऱ्या लोकांच्या बोटांच्या टोकांवर संवेदक लावून, विविध शब्द ऐकताना त्वचेची विद्युत्‌वाहकता किती बदलते, हे मोजले. भावना उचंबळली की तळहाताला किंचित घाम सुटतो आणि ही वाहकता वाढते. लहानपणी आईवडिलांनी रागावताना वापरलेली वाक्ये तुर्कीत ऐकवली तेव्हा प्रतिसाद स्पष्ट वाढला. त्याच अर्थाच्या इंग्रजी वाक्यांना तो बराच क्षीण होता. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर ‘लाज वाटत नाही का तुला?’ हे वाक्य ऐकताच पन्नाशीतला माणूसही क्षणभर आखडतो, आणि ‘शेम ऑन यू’ मात्र तो शांतपणे ऐकून घेतो. पहिले वाक्य त्याने घरात झेलले आहे, तर दुसरे पुस्तकात वाचले आहे. जिचे इंग्रजी घरातच वाढले, त्या मुलीला हा फरक इतका जाणवणार नाही, हेही खरे.

राजारामपुरीतल्या क्लासमध्ये इंग्रजी संभाषण शिकणाऱ्या तरुणाची स्थिती यावरून नीट समजते. वाचताना तो इंग्रजी शब्दांच्या भुरळीपासून काही अंशी सुरक्षित असतो, पण लिहिताना आणि बोलताना तीच गोष्ट त्याला अडचणीत आणते, कारण त्याला अर्थ ठाऊक असतो आणि वजन जाणवलेले नसते. कोल्हापुरी चपलेची ऑनलाइन माहिती लिहिताना तो ‘चीप’ हा शब्द घालतो. कोशात त्याचा अर्थ ‘स्वस्त’ असाच दिलेला असतो. पण इंग्रजी गिऱ्हाइकाला त्यात ‘हलक्या प्रतीचे’ असे ऐकू येते, आणि हातशिवणीचे, पिढीजात कसबाचे पादत्राण त्याच्या लेखी रस्त्यावरच्या मालात जमा होते. ‘अफोर्डेबल’ लिहिले असते तर किंमत तीच राहिली असती आणि मालाची इज्जतही राहिली असती.

‘कॉज’ या क्रियापदाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. कोशात ‘कारणीभूत होणे’ एवढाच निर्विकार अर्थ मिळतो. परंतु लाखो शब्दांचा खरा इंग्रजी मजकूर संगणकावर साठवून भाषाशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात तपासला, तेव्हा या क्रियापदाच्या शेजारी बहुतांश वेळा अपघात, आजार, नुकसान, मृत्यू असेच शब्द आढळले. त्यामुळे ‘या योजनेने प्रगती घडवली’ असे सांगताना कोणी ‘कॉज्ड प्रोग्रेस’ लिहिले, तर व्याकरणाची चूक नसूनही इंग्रजी वाचकाच्या कानाला ते खटकते. तिथे ‘ब्रॉट अबाउट’ अधिक शोभते. शब्दांना त्यांची सोबत चिकटते, आणि ती सोबत अर्थांच्या याद्या पाठ करून कळत नाही. म्हणून नवा इंग्रजी शब्द वहीत लिहिताना मराठी प्रतिशब्दापुढे न थांबता तो कोणत्या वाक्यात आला, कोण कोणाला म्हणाले आणि शेजारी कोणते शब्द होते, हेही लिहावे, असा माझा आग्रह आहे. दहा शब्द असे शिकण्याला वेळ लागतो, पण ते योग्य जागी उपयोगी पडतात.

वाचकाच्या बाजूने मात्र आपली दोन भाषांची मिळकत कामाला लावता येते. जाहिरातीत ‘अप टू फिफ्टी पर्सेंट ऑफ’ दिसले की डोळा पन्नासावर थांबतो. तेच मराठीत ‘जास्तीत जास्त पन्नास टक्के, कमीत कमी कितीही’ असे उतरवून घेतले की विधान पुरते दिसते. ‘नाइन्टी फाइव्ह पर्सेंट फॅट फ्री’ म्हणजे शंभर ग्रॅममध्ये पाच ग्रॅम स्निग्धांश. रुग्णालयाच्या संमतिपत्रात ‘सक्सेस रेट’ नव्वद टक्के लिहिला असेल तर सही करण्याआधी डॉक्टरांना मराठीत दोन प्रश्न विचारावेत: अशा शंभर रुग्णांपैकी किती बरे होतात, आणि उरलेल्या दहांचे नेमके काय होते. पुष्कळदा त्या दहांतले काही जण दगावलेले नसतात, त्यांना दुसरी शस्त्रक्रिया तेवढी लागलेली असते. आणि कधी उलटेही असते. दोन्ही उत्तरे कागदावर शेजारीशेजारी लिहून घेतल्यावर मग सही करावी.